सासऱ्यांच्या पायाची जखम अकरा आठवडे झाले तरी भरत नाही

परळची_सून | ४ जुलै, रात्री ११:०८

नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६९. एप्रिलच्या मध्यावर दादरच्या भाजी मार्केटात हातगाडीच्या चाकाची लोखंडी कड त्यांच्या डाव्या पायाला, आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, घासून गेली. रक्त फार आलं नाही. घरी येऊन त्यांनी डेटॉलने धुतलं, पट्टी लावली, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शनही घेऊन आले. आठवड्यात खपली धरेल असं वाटलं होतं. आज अकरा आठवडे झाले.

नाक्यावरच्या दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, मलम चार वेळा बदललं. मध्ये जरा भरल्यासारखी वाटते, की परत चिघळते. लस इतकी येते की सकाळी चादरीवर पिवळा डाग असतो. ताप नाही. दुखतं, पण अण्णा बोलत नाहीत. संध्याकाळी चेहऱ्यावरून कळतं. ३४ वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढली आहेत त्यांनी, सहन करायची सवय आहे. शुगर दोन वर्षांत तपासलेली नाही.

परवा शेजारचे काका बोलून गेले, "अशीच राहिली तर पाय काढावा लागतो." तेव्हापासून अण्णांचं जेवणात लक्ष नाही. नेमकं कुठे दाखवू? स्किनवाल्यांना, सर्जनना की शुगरवाल्यांना? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.

चाफेकळी | ४ जुलै, रात्री ११:३५

ताई, आमच्या गावाला कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुऊन वर हळद आणि साजूक तूप लावतात. माझ्या आईचं चिघळलेलं बोट त्यानेच बरं झालं होतं. करून बघा.

जुनी_सिस्टर | ५ जुलै, सकाळी ६:४०

परळची_सून, मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये. रोज सकाळी बाकावर पाय लांब करून बसलेली माणसं असायची आणि प्रत्येकाच्या पिशवीत सात-आठ मलमांच्या ट्यूब असायच्या. तुमची पोस्ट वाचून तो बाक डोळ्यांसमोर आला.

मला आधी हे सांगा. जखमेच्या आजूबाजूची कातडी कशी आहे? तपकिरी, काळपट, ताठर झाली आहे का? ती तशी मार लागायच्या आधीपासून होती का? संध्याकाळी पायाला सूज येते का, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो का? पोटरीवर निळ्या-हिरव्या गाठाळ शिरा दिसतात का? पाय उंचावर ठेवला की बरं वाटतं, की उलट खाली सोडला की बरं वाटतं? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, अण्णांनाच विचारून लिहा. तंबाखू, विडी, मिश्री यातलं काही आहे का तेही.

चाफेकळी, राग मानू नका. भाजी चिरताना कापलं तर हळद दाबणारी मीही आहे. पण खोल, ओलसर जखमेत हळदीची पूड तळाशी बसते, तिची ढेकळं होतात, आणि आम्हाला ती चिमट्याने एकेक काढावी लागायची. त्यात पेशंटचे हाल होतात आणि खालचं मांस कसं आहे तेही दिसत नाही.

परळची_सून | ५ जुलै, सकाळी ९:१२

सिस्टर, तुम्ही जणू पाय बघूनच विचारलंत. घोट्याभोवतीची कातडी गेली सात-आठ वर्षं चॉकलेटी आहे. आम्ही समजत होतो चप्पल घासून आणि उन्हाने काळवंडली. संध्याकाळी सूज येते, बोटाने दाबलं तर खळगा पडतो. गुडघ्याच्या आतून पोटरीकडे एक जाड नागमोडी शीर आहे. अण्णा म्हणतात, उशीवर पाय ठेवून पडलं की बरं वाटतं, खाली सोडला की ठणका लागतो. तंबाखू पूर्वी खायचे, १९९८ साली सोडली.

शल्य_कक्ष | ५ जुलै, दुपारी २:५०

मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. इथे वाचून निदान करणार नाही, पण दिशा सांगतो.

तुम्ही विचारलंत स्किन, सर्जन की शुगर. तुमच्या वर्णनावरून पहिली भेट सर्जनची, शक्यतो रक्तवाहिन्यांच्या. तुम्हाला परळचं केईएम हॉस्पिटल जवळ आहे. आधी सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढलात तरी चालेल, ते पुढे योग्य विभागात पाठवतात.

निरोगी माणसाच्या नडगीवरची साधी जखम सहसा तीन-चार आठवड्यांत बुजते. चार आठवडे व्यवस्थित ड्रेसिंग करूनही आकार निम्म्याच्या आसपास आला नसेल, तर तेच ड्रेसिंग पुढे रेटू नये. जखम कशामुळे अडली आहे ते शोधायला लागावं. हातगाडी फक्त निमित्त. तोच मार शेजारच्या तरुण मुलाला लागला असता तर तो विसरूनही गेला असता.

पायाच्या शिरांमधून रक्त वर, हृदयाकडे जायचं असतं. त्यासाठी शिरांच्या आत झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात. आपण नुसते उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांमध्ये साधारण ९० मिलिमीटर दाब असतो. चालायला लागलं की पोटरी पिळली जाते आणि तो ३० च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब उतरत नाही. मग पाणी बाहेर झिरपतं, सूज येते. तांबड्या पेशीही बाहेर पडतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं आणि कातडी तपकिरी होते. अशा कातडीला खरचटलं तरी ती भरून येत नाही, कारण तिथे सतत पाणी साचलेलं असतं. वर्षानुवर्षं उभं राहून काम करणाऱ्यांत हे फार दिसतं: दुकानदार, न्हावी, वाहतूक पोलीस, आचारी, शिक्षक.

यावर उपाय म्हणजे बाहेरून पट्टीचा दाब. पण दाब देण्याआधी पायात शुद्ध रक्त नीट पोचतंय ना ते बघायलाच हवं. आतल्या घोट्याच्या मागची आणि पावलाच्या वरची नाडी हाताने बघतात. मग छोट्या डॉप्लरने (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) घोट्याचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर साधारण ०.९ ते १.३ मध्ये आलं तर ठीक. ०.८ च्या खाली असेल तर नेहमीचा पूर्ण दाब द्यायचा नाही, ०.५ च्या खाली असेल तर पट्टी आवळायचीच नाही, आधी रक्तपुरवठ्याचा इलाज. जुना मधुमेह असेल तर धमन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा खोटाच जास्त येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

सोबत हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीसाठी) करून ठेवा.

दर्यावर्दी | ५ जुलै, रात्री ९:२६

दाब देण्याआधी पायात रक्त पोचतंय ना ते बघा, हे डॉक्टरांचं वाक्य मी दहा वेळा लिहीन. माझ्या थोरल्या भावाला बोटीवर दोराचा फास पायाला लागून करंगळीजवळ जखम झाली. विडी दिवसाला दोन बंडल. जखम लहान, गोल, कडा कापल्यासारख्या, तळ फिका, रक्ताचा टिपूस नाही. रात्री कळा यायच्या, तो उठून पाय खाटेवरून खाली लोंबकळत ठेवायचा, तेव्हा जरा आराम पडायचा. अण्णांच्या बरोबर उलट. पाय गार असायचा.

एकाने सूज समजून इलॅस्टिकची पट्टी करकचून बांधून दिली. दोन दिवसांत करंगळी काळी. मग मोठ्या हॉस्पिटलात नेला, आकडा निघाला ०.४. अँजिओप्लास्टी करून पायाची रक्तवाहिनी उघडली म्हणून पाऊल वाचलं, करंगळी गेली. विडी सोडल्याशिवाय काही उपयोग नाही असं त्याला तिथे बजावलं, आणि त्याने सोडली. विड्या ओढणाऱ्या तरुण पुरुषांत तर हातापायाच्या लहान रक्तवाहिन्याच सुजून बंद पडण्याचा वेगळा आजार असतो, तोही तिथेच कळला.

वसईकर | ६ जुलै, सकाळी ७:५५

आमचं तिसरंच. बाबांना वीस वर्षांचा मधुमेह. चपलेचा खिळा वर आला होता, तळव्यात भोक पडलं, त्यांना पत्ताच नाही. आईने लादीवर डाग पाहिला तेव्हा कळलं. दुखत नाही म्हणजे किरकोळ, असं आम्हीही धरून चाललो आणि ज्यांना दाखवलं त्यांनीही. दीड महिना वरवर ड्रेसिंग झालं. पहिला एक्स-रे चांगला आला होता. नंतर समजलं की हाडात पू झाला तरी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नाही. दुसऱ्या सर्जननी बोथट सळई जखमेत हलकेच घातली, ती टक्कन हाडाला लागली. मग एमआरआय, सहा आठवडे अँटिबायोटिक, आणि एक बोट काढावं लागलं.

डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्यावर टेकवून "कळतंय का" विचारलं होतं. बाबा डोळे मिटून पडलेले. दहातल्या सात ठिकाणी त्यांना काहीच कळलं नाही. ते मी शेजारी उभा राहून पाहिलं आणि पोटात गोळा आला. वीस वर्षांत एकदाही त्यांचे पाय कुणी असे तपासले नव्हते.

जखम भरली ती त्या जागेवरचा भार काढल्यावर. प्लास्टरसारखा साचा घातला होता, वजन सगळ्या पावलावर वाटलं जावं म्हणून. आता एमसीआर रबराची (बारीक छिद्रांचं मऊ रबर) चप्पल वापरतात. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांसाठी आपल्याकडे जी चप्पल वर्षानुवर्षं बनते, तीच ही. रोज रात्री आई आरसा धरून तळवे बघते.

रानजाई | ६ जुलै, दुपारी १२:१०

मी चंद्रपूरची, नोकरीमुळे चेंबूरला. आमच्याकडे घोट्यावरची न भरणारी जखम तरुण मुलांत दिसली की सिकलसेलची (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी करतात. मुंबईत कुणाला चटकन सुचत नाही, म्हणून लिहिलं. विदर्भातला पेशंट असेल तर डॉक्टरांना गाव सांगा.

अंजिरी | ६ जुलै, दुपारी ३:३१

जखम उघडी ठेवून वाळू द्यायची की झाकायची? आमच्या घरात यावर रोज वाद. सासूबाई म्हणतात, हवा लागल्याशिवाय खपली धरत नाही.

जुनी_सिस्टर | ६ जुलै, संध्याकाळी ५:०५

अंजिरी, झाकायची. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की ओलसर ठेवलेली जखम उघड्या वाळलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. नव्या पेशींना सरकायला ओलावा लागतो. कडक खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. पण ओलसर म्हणजे चिंब नव्हे. लस कडेला साचली की चांगली कातडीही पांढरी पडून सोलते. म्हणून लस जास्त असेल तर शोषून घेणारं फोमचं ड्रेसिंग आणि कडेला झिंक ऑक्साइडचा हात.

बोळ्याने हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढणं बंद करा. फेस बघून समाधान वाटतं, पण त्यात नवं मांसही मरतं. रोजच्या धुण्याला सलाईन पुरे. अँटिबायोटिक मलमं महिनोन्‌महिने लावली की पायाला त्यांचीच ॲलर्जी येते. भोवती खाज, बारीक पुरळ दिसलं की मलम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

परळची_सून, दर आठवड्याला, त्याच वारी, जखमेजवळ पट्टी धरून फोटो काढा. लांबी-रुंदी वहीत लिहा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, वहीला कळतो.

शल्य_कक्ष | ६ जुलै, रात्री १०:१९

सिस्टरांशी पूर्ण सहमत. स्वॅबबद्दल थोडं. जुन्या जखमेवर जंतू असतातच, वरून बोळा फिरवून पाठवला की रिपोर्टमध्ये काहीतरी उगवतंच, आणि त्यावर नवं अँटिबायोटिक सुरू होतं. लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, ठणका वाढलाय, घाण वास, ताप, यातलं काही असेल तरच जंतुसंसर्ग म्हणायचं, आणि तपासायला द्यायचं ते जखम धुऊन खालच्या मांसाचा तुकडा घेऊन.

तीन महिन्यांत न भरलेल्या, कडा उंच होऊन वळलेल्या, हात लावताच रक्त येणाऱ्या जखमेच्या कडेचा तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे. जुन्या व्रणात, विशेषतः भाजलेल्या जागी, कॅन्सर होऊ शकतो. क्षयाची जखमही अशीच रेंगाळते. आणि जखम झपाट्याने वाढतेय, कडा जांभळ्या आहेत, साफ केली की आणखी चिघळते, असं असेल तर तो प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. तिथे कापाकापी थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना बोलवावं लागतं. काचेचा किंवा लाकडाचा कण आत राहिल्यानेही जखम बुजत नाही. लाकूड एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं.

परळची_सून | ११ जुलै, रात्री ८:४४

जाऊन आलो. दंडाचा दाब १३८, डाव्या घोट्याचा १४२. म्हणजे १.०३. डॉप्लरचा आवाजही चांगला आहे म्हणाले. मग उभं करून शिरांची सोनोग्राफी केली. मांडीपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी आहेत, रक्त उलटं खाली येतं. स्क्रीनवर पोटरी दाबून सोडली की निळा रंग लाल व्हायचा आणि लालच राहायचा. डॉक्टरांनी अण्णांना ते दाखवलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे ही जखम दुकानात झाली." कुणी काही बोललं नाही.

एचबीएवनसी ७.१ निघालं, म्हणजे मधुमेहही आहे, गोळी सुरू झाली. हिमोग्लोबिन १०.२, अल्ब्युमिन कमी. जखम मोजली, ४.५ बाय ३ सेंटिमीटर. चार थरांची पट्टी बांधली आहे, आठवडाभर काढायची नाही. पाय काढायचा विषय नाही हे डॉक्टरांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. घरी आल्यावर दोन भाकऱ्या जेवले.

जुनी_सिस्टर | १२ जुलै, सकाळी ६:२२

किती बरं वाटलं वाचून. बांधणाऱ्याकडे नीट लक्ष ठेवा. पाऊल काटकोनात, बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकलेली, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर, आणि गुडघ्याच्या जरा खाली शेवट. घोट्याला सर्वांत जास्त दाब, साधारण ४० मिलिमीटर, वर जाताना कमी. घोट्यापासूनच सुरू केली तर पाऊल सुजतं. साध्या क्रेप बँडेजचा दाब काही तासांत ढिला होतो, त्यावर विसंबू नका. बोटं निळी, गार, बधिर झाली किंवा असह्य दुखलं तर आठवड्याची वाट न बघता पट्टी कापून काढा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

आडवं पडताना पाय छातीच्या वर जाईल इतक्या उशा. उभं राहणं कमी, चालणं भरपूर. चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारल्या तरी पोटरी चालते. आणि पोट भरून प्रथिनं: अंडी, मासे, डाळ, दही, दाणे. किडनी चांगली असेल तर वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम. जखमेतून रोज प्रथिनं वाहून जातात, ती परत भरायला हवीत.

दर्यावर्दी | १२ जुलै, सकाळी ८:०१

पावसाचं सांभाळा. पाणी तुंबलं की अण्णांना खाली उतरू देऊ नका. जखमेतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप) शिरतो, २००५ च्या पुरानंतर किती माणसं गेली ते विसरता येत नाही. चुकून पाय भिजलाच तर पट्टी त्याच दिवशी बदलून घ्या आणि लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. ताप यायची वाट बघू नका.

परळची_सून | ८ ऑगस्ट, रात्री १०:३०

चार आठवडे झाले. वहीतून: ४.५ बाय ३, ४.२ बाय २.८, ३.६ बाय २.४, ३.२ बाय २.२, आणि आज ३ बाय २. तळ लालचुटुक, दाणेदार. चादर कोरडी. पहिल्या आठवड्यात मात्र रात्री फार खाज सुटली, अण्णा पट्टीत पेन्सिल घालायला निघाले होते, मी जागी होते म्हणून वाचलं.

एक प्रश्न. डॉक्टर म्हणतात लेझरने ती शीर आताच बंद करू. जखम भरल्यावर केलेली बरी नाही का?

शल्य_कक्ष | ९ ऑगस्ट, दुपारी १:१५

क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं, चांगलं लक्षण आहे. आधी आम्हीही जखम भरायची वाट बघायचो. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांचा अभ्यास आला. पट्टी दोन्ही गटांना होती. शीर लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबले त्यांच्यातल्या निम्म्यांच्या ८२ दिवसांत. तुमच्या डॉक्टरांनी तपासून सुचवलं असेल तर थांबायचं कारण मला दिसत नाही. खर्चाचं आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रांना आधीच विचारून घ्या.

अंजिरी | ९ ऑगस्ट, दुपारी २:४०

आमच्या सासूबाईंनीही वही केली आहे. परवा सर्जनकडे नंबर लावला.

परळची_सून | २१ सप्टेंबर, सकाळी ९:५०

१४ ऑगस्टला लेझर झालं, संध्याकाळी घरी. गणपतीत अण्णा आरतीला खुर्चीवर बसले, पाय स्टुलावर. त्यांना ते जड गेलं, दरवर्षी ताम्हन त्यांच्या हातात असतं. यंदा माझ्या मुलाने धरलं, अण्णांनी बसून टाळ वाजवले.

काल पट्टी सोडली तेव्हा जखमेच्या जागी गुलाबी, कागदासारखी पातळ कातडी होती. कुठेच ओल नाही. डॉक्टरांनी पायाचं माप घेऊन गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे दिले आहेत. सिस्टर, ते चढवताना माझी दमछाक होते, आणि नवी कातडी ओरबाडली जाईल अशी भीती वाटते.

जुनी_सिस्टर | २१ सप्टेंबर, सकाळी १०:३५

मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्या, आधी पाऊल आणि टाच बसवा, मग वर सरकवा. हातात भांडी घासायचे रबरी मोजे घाला, पकड येते आणि नखं लागत नाहीत. सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधीच चढवायचे. एकदा पाय खाली सोडले की सूज येते आणि मोजा चढत नाही. रात्री काढल्यावर पायाला साधं व्हॅसलीन. मोजे आलटून पालटून वापरायला दोन जोड घ्या, सहा महिन्यांनी बदला, तोवर त्यांचा दाब गेलेला असतो. शीर बंद केली म्हणून मोजे सोडायचे नाहीत, डॉक्टर सांगतील तोवर घालायचे.

परळची_सून | २२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

रबरी मोज्यांनी काम झालं. आज अण्णांनी स्वतःच चढवला, सात मिनिटं लागली. आता गॅलरीत फेऱ्या चालू आहेत.